कम्युनिटी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी करायचंय? मग या क्रमाने करा

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्स करू म्हणणारे आपले लोक साधारण तीन प्रकारचे. एक, एच-४वर (नोकरीच्या एच-१बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) आलेली मंडळी, तिकडे पुण्या-नाशिकला बीई नाहीतर बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स झालेलं आणि मधे बरीच वर्षं गॅप पडलेली. दोन, इथेच हायस्कूल झालेली पोरं, ज्यांच्या आईबाबांना युनिव्हर्सिटीची फी बघून घाम फुटलाय. तीन, वेअरहाऊसमधे किंवा दुकानात राबणारे, ज्यांना हातात एखादं धड स्किल हवंय. तिघांचं घोडं एकाच जागी अडतं: आधी कोर्सला रजिस्टर करतात आणि मग विचारतात की याचा पुढे उपयोग काय. विषय झेपला नाही म्हणून सोडणारे मी कमी बघितलेत, क्रम चुकल्यामुळे एक वर्ष फुकट गेलं आणि मग कंटाळून सोडलं असे जास्त. म्हणून खालच्या पायऱ्या वरून खालीच वाचा, मधलीच उचलू नका.

पायरी १: आधी ठरवा, दोन वर्षांनी नोकरी की पुढे युनिव्हर्सिटी

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं हेच शेवटी ठरवतात.

कम्युनिटी कॉलेजात ईईटीची (इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची) डिग्री बहुतेक वेळा एएएस असते, म्हणजे असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स. साधारण ६० क्रेडिट, फुल टाइम केलं तर दोन वर्षं. (ओरेगन, वॉशिंग्टनकडे क्वार्टर सिस्टिम आहे, तिथे हाच आकडा ९०च्या आसपास दिसतो, घाबरू नका.) गणित अल्जेब्रा आणि ट्रिगपर्यंत (त्रिकोणमिती), आणि पहिल्या आठवड्यापासून हात लॅबमधे. बाहेर पडलात की टेक्निशियन: टेस्ट, कॅलिब्रेशन, फील्ड सर्व्हिस, हॉस्पिटलमधली उपकरणं दुरुस्त करणं, चिपच्या फॅबमधली (म्हणजे कारखान्यातली) मशीन चालू ठेवणं.

युनिव्हर्सिटीतलं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग वेगळं. तिथे पहिल्या दोन वर्षांत कॅल्क्युलस, कॅल्क्युलसवालं फिजिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. त्यासाठी त्याच कम्युनिटी कॉलेजात बहुतेक वेळा एएस (असोसिएट ऑफ सायन्स) नावाचा वेगळा ट्रान्सफरचा रस्ता असतो. वेबसाइटवर दोन्ही नावं एकाखाली एक दिसतात, एका अक्षराचा फरक, आणि घाईघाईत लोक चुकीचं निवडतात.

नेहमीची चूक: "आधी एएएस करतो, जॉब लागेल, मग त्याच क्रेडिटवर इलेक्ट्रिकलला ट्रान्सफर घेतो." असं होत नाही हो. टेक्निकल मॅथ आणि अल्जेब्रावालं फिजिक्स तिकडे धरत नाहीत, सर्किट्सचे पेपरसुद्धा बऱ्याचदा "इलेक्टिव्ह" म्हणून टाकतात, आणि तुम्ही परत प्रीकॅल्क्युलसपासून सुरू. पुढे बॅचलर्स हवीच असेल आणि एएएसचे क्रेडिट वाया घालवायचे नसतील तर टेक्नॉलॉजीचीच बॅचलर्स बघा, एनजेआयटी, पर्ड्यू, ओरेगन टेक अशा ठिकाणी ती आहे. तिथे अबेटची (असल्या कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता तपासताना कमिशन कुठलं ते बघा, ईटीएसी म्हणजे टेक्नॉलॉजी, ईएसी म्हणजे इंजिनिअरिंग. पुढे कधी पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्स काढायचा विचार असेल तर काही राज्यांत टेक्नॉलॉजीवाल्यांना जास्त अनुभव मागतात आणि काही ठिकाणी दारच बंद असतं, तेव्हा आपल्या राज्याच्या बोर्डाचा नियम आत्ताच वाचून ठेवा.

✔ तपासा: ज्या युनिव्हर्सिटीत पुढे जायचंय तिच्याशी तुमच्या कॉलेजचा लेखी करार आहे का. कॅलिफोर्नियात असिस्ट डॉट ऑर्ग, न्यू जर्सीत एनजे ट्रान्सफर या साइटवर कुठला पेपर कशाला धरतात ते पेपरवार दिसतं. काउन्सिलरने तोंडी सांगितलेलं धरू नका, प्रिंट काढून ठेवा, कारण तुम्ही ट्रान्सफर होईपर्यंत तो काउन्सिलर तिथे असेलच असं नाही.

पायरी २: तुमचं स्टेटस काय परवानगी देतं ते बघा

ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असाल तर ही पायरी सोडून द्या. बाकीच्यांनी नीट वाचा.

एच-४वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, फुल टाइम शिका, पार्ट टाइम शिका. पण पगारी इंटर्नशिप ईएडीशिवाय (कामाचा परवाना) नाही, आणि एच-४चा ईएडी जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर झालेला असेल किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढलेला असेल तेव्हाच मिळतो. एच-४वरची मुलं २१ पूर्ण झाली की त्या स्टेटसमधून बाहेर पडतात, मग एफ-१ (विद्यार्थ्याचा व्हिसा) किंवा दुसरं काहीतरी लागतं, आणि ते बदलायला महिनोन् महिने जातात. मुलगा एकोणीसचा असेल तर दोन वर्षांचा कोर्स मधेच कुठे कापला जातो ते कॅलेंडर काढून बघा. एफ-२वाल्यांना (एफ-१वाल्याचे जोडीदार) डिग्रीचं शिक्षण पार्ट टाइमच घेता येतं.

⚠ भारतातून थेट एफ-१वर या कोर्ससाठी यायचा विचार असेल तर दोनदा थांबा. असोसिएट डिग्रीवर ओपीटी (शिक्षणाला धरून काम करायची परवानगी) १२ महिने मिळतो, पण पुढची २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांची) मुदतवाढ बॅचलर्स किंवा वरच्या डिग्रीवरच आहे. एच-१बीलाही बॅचलर्स किंवा तिच्या तोडीचं लागतं. शिवाय फेडरल मदत शून्य. एजंट यातलं काही सांगत नाही, तो "स्वस्त अमेरिका" एवढंच सांगतो. बॅचलर्सपर्यंत जायचा पक्का प्लॅन आणि पैसा असेल तरच यात अर्थ आहे.

पायरी ३: कागद

हे कंटाळवाणं आहे म्हणून पटकन उरकतो, पण सुरुवात कोर्सच्या आधी निदान चार-पाच महिने करा.

भारतातल्या मार्कशीटचं इव्हॅल्युएशन (इथल्या हिशोबात ती कशाच्या तोडीची ते सांगणारा रिपोर्ट) लागेल, डब्ल्यूईएस किंवा नॅसेस या अशा संस्थांच्या संघटनेची मेंबर असलेली कुठलीही संस्था, आणि ते "कोर्स-बाय-कोर्स" घ्या. नुसतं डॉक्युमेंटवालं स्वस्त पडतं पण त्यावर एकही पेपर माफ होत नाही. युनिव्हर्सिटीने सील केलेला लिफाफा मधेच उघडून बघू नका, उघडलेला चालत नाही. काकांना पाठवून ट्रान्स्क्रिप्ट काढायचं असेल तर हे त्यांना फोनवर दोनदा बजावा. आणि लसीकरण! एमएमआरचा पुरावा नसला तर बऱ्याच कॉलेजात रजिस्ट्रेशनवर होल्ड बसतो आणि तुम्ही लॉगिन करून डोकं आपटत राहता की बटण चालत का नाही.

बीई झालेल्यांनी आणखी एक करा. इतिहास, केमिस्ट्री, असले जनरल पेपर इव्हॅल्युएशनवर सुटू शकतात, सर्किट्सचे मात्र डिपार्टमेंटच्या हातात असतात. तिथे "क्रेडिट बाय एक्झाम" मिळतं का विचारा. इंग्लिश कॉम्पोझिशन बहुतेकदा परत करावंच लागतं, वाद घालत बसू नका.

पायरी ४: पैसे, आणि पेलचा गैरसमज

सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनी फाफ्सा (सरकारी शैक्षणिक मदतीचा फॉर्म) भरायचा. स्टुडंटएड डॉट गव्ह सोडून दुसऱ्या कुठल्याही साइटवर नाही, आणि फाफ्सा भरायला एक पैसाही लागत नाही. पेल ग्रँटची (सरकारी मदत, सहसा परत फेडायची नसते) कमाल रक्कम २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर आहे, आणि कम्युनिटी कॉलेजची फी बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी असते, त्यामुळे कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या पोराचं शिक्षण जवळपास फुकटात होऊ शकतं.

पण ज्याची बॅचलर्स आधीच झालीय त्याला पेल नाही. भारतातली बॅचलर्ससुद्धा यात धरतात. "इकडे कुठे कुणाला कळतंय" म्हणून फॉर्मवर "नाही" लिहू नका, ते खोटं स्टेटमेंट होतं आणि ग्रीन कार्डवाल्याने असला खेळ खेळूच नये. फेडरल लोनचा पर्याय अशांनाही उरतो.

इन-स्टेट फीसाठी बहुतेक राज्यांत वर्षभराचा रहिवास लागतो, कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस. काही राज्यांत एच-४ला इन-स्टेट मिळते, कॅलिफोर्निया त्यातलंच, काही ठिकाणी नाही. पहिलं बिल आउट-ऑफ-स्टेट आलं म्हणून गुपचूप भरू नका. रेसिडेन्सीचा फॉर्म वेगळा असतो, तो भरला नाही की कॉम्प्युटर आपोआप महाग फी लावतो.

✔ तपासा: वर्ष संपल्यावर १०९८-टी फॉर्म (भरलेल्या फीचा टॅक्ससाठीचा कागद) डाउनलोड केला का. लाइफटाइम लर्निंग क्रेडिटमधे खर्चाच्या २० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर, टॅक्समधून सुटू शकतात. उत्पन्नाची मर्यादा आहे, ती बघून घ्या.

पायरी ५: गणिताची प्लेसमेंट हलक्यात घेऊ नका

प्लेसमेंट म्हणजे कुठल्या पायरीच्या गणितापासून बसवायचं ते ठरवणारी परीक्षा. बीई झालेले इथे हमखास फसतात. अ‍ॅलेक्स किंवा अ‍ॅक्युप्लेसरची टेस्ट असते, "मी एम-थ्री पास केलंय, हे काय" म्हणून कुठलीही तयारी न करता बसतात आणि फ्रॅक्शन, लॉगॅरिदम, युनिट सर्कल यात गंजलेलं डोकं अडखळतं. मग इंटरमीजिएट अल्जेब्रा गळ्यात पडतं आणि सर्किट्सचा पहिला पेपरच घेता येत नाही.

बसायच्या आधी दोन-तीन आठवडे एवढंच घोटा: फॉर्म्युल्यातला चल एका बाजूला आणणं, घातांक आणि सायंटिफिक नोटेशन, मिली-मायक्रो-नॅनो-पिको एकमेकांत बदलणं, दोन-तीन अज्ञातांची समीकरणं, काटकोन त्रिकोणाचं ट्रिग. तेवढ्यावर डीसी सर्किट्सचा पेपर आणि एसीचा अर्धा निघून जातो. अ‍ॅलेक्समधे बहुतेक कॉलेजं परत बसू देतात, मधे सराव करावा लागतो. पहिला स्कोअर कमी आला तर तो स्वीकारून रजिस्टर करू नका, परत बसा.

पायरी ६: कोर्सची साखळी आधी कागदावर, उलटीकडून

आता मुद्द्याची गोष्ट. ईईटीचे मुख्य पेपर साखळीत असतात: डीसी सर्किट्स, त्यावर एसी, त्यावर डिव्हायसेस म्हणजे डायोड-ट्रान्झिस्टर, त्यावर ऑप-अँपवालं (सिग्नल मोठा करणारी चिप) लिनिअर. डिजिटल आणि मायक्रोकंट्रोलरची दुसरी साखळी बाजूने चालते, पीएलसी (कारखान्यातली मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि कॅपस्टोन (शेवटचं मोठं प्रोजेक्ट) शेवटी. आणि लहान कॉलेजात यातला प्रत्येक पेपर वर्षातून एकदाच लागतो. म्हणजे फॉलमधे डीसी हुकला तर स्प्रिंगला एसी नाही, आणि डीसी परत थेट पुढच्या फॉलला. एक पेपर हुकला, अख्खं वर्ष गेलं. जानेवारीत उत्साहाने अ‍ॅडमिशन घेणारे नेमके यात सापडतात, त्यांना इंग्लिश, सायकॉलॉजी आणि कुठला तरी हेल्थचा पेपर देऊन बसवतात आणि वर्षाने ते म्हणतात की मी तर अजून रेझिस्टर बघितलाच नाही.

म्हणून असं करा. शेवटच्या सेमिस्टरचा कॅपस्टोन कागदाच्या तळाला लिहा, त्याला काय लागतं ते वर, त्याला काय लागतं ते आणखी वर, असं करत आजपर्यंत या. प्रत्येक पेपरपुढे फॉल की स्प्रिंग ते लिहा, दिवसा की संध्याकाळी तेही. हा कागद घेऊन प्रोग्रॅमच्या चेअरला भेटा. जनरल अ‍ॅडव्हायजर भला माणूस असतो पण तो नर्सिंगपासून वेल्डिंगपर्यंत सगळ्यांना बघतो, त्याला तुमच्या डिपार्टमेंटमधे पुढच्या वर्षी कोण शिकवणार नाहीये हे माहीत नसतं.

किती पेपर घ्यायचे? क्रेडिट बघू नका, तास बघा. तीन तासांच्या लॅबला बऱ्याच कॉलेजात एकच क्रेडिट असतं, त्यामुळे चार क्रेडिटचा सर्किट्सचा पेपर आठवड्याला सहा तास वर्गातच खातो, घरचं वेगळं. घर, मूल किंवा नोकरी सांभाळून करणाऱ्याने एक सर्किट्स आणि एक गणित, बस. समरमधे सोशल सायन्स वगैरे ऑनलाइन उरका. (एफ-१वाल्यांनी लक्षात ठेवा, १२ क्रेडिटच्या फुल टाइममधे ऑनलाइनचा एकच पेपर, तीन क्रेडिटपर्यंत, धरतात.)

⚠ ड्रॉप आणि विथड्रॉ यात फरक आहे. सुरुवातीच्या ठरावीक तारखेपर्यंत सोडलं तर पैसे परत आणि नाव पुसलं, त्यानंतर सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू आणि पैसे गेले. फायनान्शियल एड घेणाऱ्यांचे डब्ल्यू जास्त झाले तर मदत थांबते, बऱ्याच कॉलेजात घेतलेल्या क्रेडिटपैकी ६७ टक्के पास असावे लागतात. ती तारीख पहिल्याच दिवशी फोनमधे टाका.

पायरी ७: पहिल्या आठवड्याची खरेदी

थोडक्यात: काहीच घेऊ नका, पहिल्या लेक्चरला पार्ट्सची यादी मिळेपर्यंत. त्यानंतर स्वतःचा मल्टिमीटर (करंटच्या सॉकेटला फ्यूज असलेलाच), २२ गेजची सॉलिड वायर, स्ट्रिपर, ब्रेडबोर्ड. कॅल्क्युलेटर जुना कॅसिओ एफएक्स-९९१ चालतो, कॉम्प्लेक्स नंबर आणि पोलर-रेक्टँग्युलर दोन्ही करतो, शंभरेक डॉलरचा ग्राफिंगवाला कुणीतरी घ्या म्हणेल, ईईटीला त्याची गरज पडत नाही. आईच्या कपाटात तुमचा जुना कॅसिओ पडून असेल, तो मागवा. एलटीस्पाइस (सर्किटचं सिम्युलेशन) आणि किकॅड (बोर्डाचं डिझाइन) फुकट आहेत. ऑसिलोस्कोप घरी लागत नाही, कॉलेजची ओपन लॅब असते ती वापरा, फीमधे तिचे पैसे भरलेत तुम्ही.

पायरी ८: लॅब, जिथे आपले हुशार लोक मार खातात

आपल्याकडे शिकलेल्यांची थिअरी पक्की असते, थेवेनिन (सर्किट सोपं करायची रीत) झोपेत काढतील. हात मात्र लावलेला नसतो, कारण तिकडे प्रॅक्टिकलला आठ जणांत एक ट्रेनर किट आणि त्यातला एक जण वायर जोडायचा. इथे प्रत्येकाला स्वतः उभं करावं लागतं आणि प्रॅक्टिकल परीक्षेत सर मुद्दाम एक फॉल्ट टाकून ठेवतात. म्हणून खालच्या गोष्टी डीसीच्या पहिल्या महिन्यातच अंगवळणी पाडा.

वायरचे रंग. भारतात काळी न्यूट्रल म्हणून डोक्यात बसलेली असते. अमेरिकेत घरच्या १२० व्होल्टच्या लाइनमधे काळी वायर म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आणि लॅबच्या डीसी सप्लायवर परत काळी म्हणजे मायनस. यात गोंधळ झाला तर मार्क जात नाहीत, माणूस जातो. पॉवर सप्लायचं झाकण उघडायच्या आधी प्लग काढा आणि मोठे कपॅसिटर डिस्चार्ज झालेत का मीटरने बघा.

करंटची दिशा. आपण प्लसकडून मायनसकडे शिकलो. इथल्या टेक्निशियनच्या काही पुस्तकांत इलेक्ट्रॉन फ्लो असतो, म्हणजे बाण उलटे. उत्तरं तीच येतात पण अर्धं सेमिस्टर "सर चुकतायत" असं वाटत राहतं. पुस्तक कुठल्या पद्धतीचं ते पहिल्या दिवशी बघा आणि त्याच पद्धतीने लिहा, मिसळू नका.

ब्रेडबोर्ड. लांब बोर्डावर कडेच्या पॉवरच्या पट्ट्या बऱ्याचदा मधोमध तुटलेल्या असतात, लाल-निळी रेघ तिथे खंडित दिसते. खालच्या अर्ध्यात पॉवर पोचलीच नाही आणि पोरगं तासभर आयसी बदलतंय, हे दर बॅचला होतं. बोर्ड हातात आला की मीटर कंटिन्युइटीवर लावून एकदा टोकापासून टोकापर्यंत बघून घ्या.

मल्टिमीटर. करंट मोजला, लाल लीड १० अँपिअरच्या सॉकेटमधे राहिली, आणि पुढच्या मापाला तुम्ही फक्त डायल व्होल्टवर फिरवला. मीटरला डायल काय म्हणतो याच्याशी घेणं नाही, त्या सॉकेटमधून दोन लीडमधे जवळपास शून्य रेझिस्टन्स आहे, म्हणजे तुम्ही सप्लायच्या दोन टोकांवर सरळ तार टेकवली. लॅबचा सप्लाय करंट लिमिट करून वाचवतो, बॅटरी किंवा मेन्स वाचवणार नाहीत. सवय लावा: करंट मोजून झाला की आधी लीड परत व्होल्टच्या सॉकेटमधे, मग डायल. त्याहून बरं म्हणजे करंट थेट मोजूच नका, माहीत असलेल्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज घ्या आणि भागा.

ऑसिलोस्कोप, हे जरा सावकाश वाचा. एसीच्या लॅबमधे साधं आरसी सर्किट देतात, समजा १ किलोओम वर आणि ०.१ मायक्रोफॅरड खाली (कपॅसिटरवर १०४ लिहिलेलं असतं). कॉर्नर फ्रिक्वेन्सी साधारण १.५९ किलोहर्ट्झ, तिथे दोन्हीवर सारखा व्होल्टेज आणि ४५ अंशांचा फेजचा फरक दिसायला हवा. कपॅसिटरवरचं माप बरोबर येतं. मग रेझिस्टरवरचं बघायला पोरं प्रोबचं टोक वर लावतात आणि ग्राउंडची क्लिप मधल्या सांध्याला. पण स्कोपची क्लिप आतून अर्थला जोडलेली असते, आणि बहुतेक फंक्शन जनरेटरची काळी वायरही. म्हणजे मधला सांधा अर्थला गेला, कपॅसिटर शॉर्ट झाला, रेझिस्टरवर पूर्ण सिग्नल, फेज शून्य. आणि रिपोर्टमधे लिहून येतं की "कपॅसिटरचा परिणाम नगण्य आढळला". उपाय दोन: एक तर रेझिस्टर आणि कपॅसिटरची जागा बदलून मोजा, नाहीतर दोन्ही चॅनेल लावून, दोन्ही क्लिप ग्राउंडलाच ठेवून, मॅथमधे चॅनेल १ वजा चॅनेल २ करा.

⚠ जनरेटरवर ५ व्होल्ट लावले आणि स्कोपवर १० दिसले तर मशीन बिघडलेलं नाही. जनरेटर समोर ५० ओमचा लोड आहे असं धरून आकडा दाखवतो. सेटिंगमधे हाय-झी (लोड जवळपास नाहीच असं धरणारं) करा. दहावा हिस्साच दिसत असेल तर प्रोब १०एक्सवर आणि स्कोपचं चॅनेल १एक्सवर राहिलंय. आणि स्कोपवरचे १० व्होल्ट पीक-टू-पीक म्हणजे मीटरवर सुमारे ३.५४, कारण मीटर आरएमएस दाखवतो.

फॉल्ट शोधताना आयसी बदलणं सगळ्यात शेवटी. आधी आयसीच्या पायावर पॉवर आहे का, मग त्याच पायावर ग्राउंड, पट्टीवर बघून भागत नाही. मग सर्किटच्या मधोमध सिग्नल बघा: तिथे ठीक असेल तर बिघाड पुढे, नसेल तर मागे. परत उरलेल्याच्या मधोमध. चार-पाच मापांत सापडतो.

पायरी ९: लॅब रिपोर्ट म्हणजे आपलं जर्नल नव्हे

तिकडे सबमिशनच्या आदल्या रात्री एकाचं जर्नल अख्ख्या वर्गात फिरायचं, सरांनाही माहीत असायचं. इथे तेच केलं तर अ‍ॅकॅडमिक इंटिग्रिटीची केस होते, शून्य मार्कांपासून कॉलेजातून काढण्यापर्यंत, आणि व्हिसावाल्यांना ते किती महागात पडेल हे सांगायला नको. पार्टनरबरोबर घेतलेलं रीडिंग दोघांचं एकच असू शकतं, लिखाण प्रत्येकाचं वेगळं.

चांगल्या रिपोर्टमधे प्रत्येक मापाचे तीन रकाने असतात, हिशोबाने आलेला, सिम्युलेशनचा आणि मोजलेला, आणि चौथ्यात फरक किती टक्के. मार्क त्या फरकाच्या कारणात असतात. "ह्युमन एरर" लिहू नका, त्याला शून्य मिळतं. ४.७ किलोओमचा ५ टक्केवाला रेझिस्टर ४.४६५ ते ४.९३५मधे कुठेही असू शकतो, आधी तो मोजून ठेवा, मोजलेली किंमत घालून हिशोब परत करा, बराचसा फरक तिथेच नाहीसा होतो. आकडे जुळावेत म्हणून रीडिंग बदलणारा लगेच पकडला जातो, सगळी मापं सव्वा टक्क्यात बसली की सरांना कळतं.

पायरी १०: नोकरी दुसऱ्या सेमिस्टरपासून, डिग्री अर्ज करूनच

डिग्री हातात आल्यावर जॉब शोधायला लागणं हा आपला जुना रोग. एसी चालू असतानाच डिपार्टमेंटमधे लॅब असिस्टंटची जागा विचारा, कंपन्या चेअरला फोन करून माणसं मागतात आणि चेअर लॅबमधे रोज दिसणाऱ्याचं नाव देतो. रेझ्युमेवर "हार्ड वर्किंग" नको, कुठली उपकरणं वापरली ते लिहा: टेक्ट्रॉनिक्सचा स्कोप, अ‍ॅलन-ब्रॅडलीचा पीएलसी, सरफेस माउंट सोल्डरिंग. आयपीसी-ए-६१०चं (तयार सर्किट बोर्ड तपासायचा मापदंड) सर्टिफिकेट असेंब्ली-टेस्टच्या जागांना खरंच उपयोगी पडतं. रेडिओ किंवा विमानाच्या उपकरणांकडे जायचं असेल तर एफसीसीचं (रेडिओवर देखरेख करणारं सरकारी खातं) जीआरओएल लायसन्स बघा, एलिमेंट १ आणि एलिमेंट ३ असे दोन पेपर, दुसऱ्यात १०० पैकी ७५ बरोबर लागतात.

डिफेन्सच्या कंपन्यांच्या जाहिरातीत "यूएस पर्सन" लिहिलेलं असेल तर ग्रीन कार्ड चालतं, सिक्युरिटी क्लिअरन्स लिहिलं असेल तर सिटिझनच. एच-४ ईएडीवर दोन्हीकडे वेळ घालवू नका, मेडिकल उपकरणं, फॅब, ऑटोमेशन इकडे बघा. फॅबमधे बारा तासांची शिफ्ट असते, आठवड्याला तीन-चार दिवस आणि कधीकधी रात्रीची, तेव्हा ऑफर घ्यायच्या आधी शाळेतून मुलांना कोण आणणार ते घरी बोलून घ्या.

शेवटचं, आणि हे दर वर्षी कुणाचं तरी राहतं: सगळे क्रेडिट झाले म्हणून डिग्री घरी येईलच असं नाही. बऱ्याच कॉलेजात ग्रॅज्युएशनचा अर्ज करावा लागतो आणि त्याची तारीख शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीला, कधी त्याच्याही आधी असते. तेव्हाच डिग्री ऑडिट काढा, म्हणजे एखादा मानव्यशास्त्राचा पेपर राहिलाय हे मे महिन्यात न कळता जानेवारीत कळेल. एफ-१वाल्यांनी ओपीटीचा अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून संपल्यावर ६० दिवसांच्या आत करायचा असतो, आणि त्यासाठी आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून नवा आय-२० (एफ-१साठी कॉलेज देतं तो कागद) लागतो. ते ऑफिस उन्हाळ्यात अर्धवेळ चालू असतं, म्हणून मार्चमधेच जाऊन या.